वधूवर केंद्राचा बॅकअप

हिंगोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेली मशीन लोक परत घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडेच ठेवून जातात! त्यातले निम्मेअधिक एकट्या बालाजीकाकांच्या वधूवर केंद्राचे. काका केंद्राचे मालक, संगीताताई ऑपरेटर आणि सात तालुक्यांतल्या पोरापोरींचे बायोडाटे एका कॉम्प्युटरमध्ये.

*

दोन वर्षांपूर्वी मी तिथं नवं मशीन बसवलं आणि ताईंना सांगितलं, "रोज सगळा डेटा पेनड्राइव्हवर कॉपी करायचा." यंदाच्या उन्हाळ्यात तो पेनड्राइव्ह उघडून बघितला. आत फक्त डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, डेटा शून्य!

"ताई, कॉपी व्हायला किती वेळ लागायचा?"

"दोन सेकंद!"

"एवढ्या बायोडाट्यांना दोन सेकंद? शंका नाही आली?"

"मला वाटलं, पेनड्राइव्ह भारी कंपनीचा हाय."

*

मग मी रीतसर एक कागद लिहून दिला. वर मथळा : 'आपत्ती नियोजन'. काकांनी तो वाचला आणि भडकलेच.

"लग्नाच्या हापिसात असलं अभद्र काहून लिहिलं?"

त्यांनी मथळा खोडून 'शुभकार्य नियोजन' केला. खाली 'कॉम्प्युटर जळाल्यास' असं होतं, तिथं लिहिलं, 'कॉम्प्युटर विश्रांती घेत असल्यास'.

*

महिन्याभरानं मी न सांगता मशीनची वायर काढली. "समजा, कॉम्प्युटर गेला. आता काय कराल?"

ताई अजिबात डगमगल्या नाहीत. "कागदात लिहिलंय तसं करायचं."

"कागद कुठंय?"

"हरवू न्हाई म्हणून स्कॅन करून कॉम्प्युटरमधी ठेवला."

*

बॅकअप दुसऱ्या गावी असावा, हे मात्र काकांना पटलं. सगळा डेटा एका हार्ड डिस्कवर घेतला आणि डिस्क वारंगा फाट्याला त्यांच्या मेहुण्यांकडे पोचवली. मलाही बरं वाटलं. काही दिवसांनी मेहुण्यांना फोन करून विचारलं, "डिस्क नीट आहे ना?"

"एकदम! अन् जागा किती हो तिच्यात! पोरीच्या लग्नाचा सगळा व्हिडिओ बसला."

"आणि आधीचं?"

"अनोळखी लोकायचे फोटो होते नुसते. काढून टाकले."

मी तसाच केंद्रात पळालो. म्हटलं, आत्ताच्या आत्ता नवा बॅकअप घेऊ. काकांनी पंचांग उघडलं. "आज न्हाई. गुरुवारी मुहूर्त चांगला हाय."

बुधवारी वीज पडली. मशीन, आतली डिस्क, सगळं खलास!

*

काका खुर्चीत मटकन बसले. डोळ्यांत पाणी. "पोरापोरीयच्या आयुष्याचा प्रश्न हाय रे. आईबापांना काय तोंड दाखवू?" मला फार वाईट वाटलं. दुकानाचा माळा उपसला, तर केंद्राच्या जुन्या मशीनची डिस्क सापडली! दुपारपर्यंत सगळे बायोडाटे परत आले. काकांनी मला मिठी मारली, ताईंनी पेढे वाटले.

पण डेटा होता दोन वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात ज्यांची लग्नं झाली, ती सगळी मंडळी पुन्हा अविवाहित! आणि सॉफ्टवेअर स्थळं जुळवून आपोआप मेसेज पाठवायला लागलं.

पहिला फोन गोरेगावहून आला. "काका, बायको मेसेज दाखवून जाब विचारून राहिली! काय सांगू तिला?"

दुसरा हट्ट्याहून, अगदी दबक्या आवाजात. "काका, पोरगी कोणत्या गावची हाय?"

माझं लग्नही गेल्या वर्षी याच केंद्रातून जमलेलं. घरी जेवायला बसलो आणि आम्हा दोघांचेही मोबाईल एकदम वाजले. 'आपल्यासाठी अनुरूप स्थळ'. माझ्या मोबाईलवर बायकोचा फोटो, तिच्या मोबाईलवर माझा! खाली 'पसंत' आणि 'नापसंत' अशी दोन बटणं.

मी ताबडतोब 'पसंत' दाबलं. हो, उगाच धोका कशाला?

ती मात्र माझा बायोडाटा वाचत बसली. 'स्वभाव शांत, घरकामात मदतीची आवड' ही ओळ तिनं दोनदा वाचली. माझ्याकडे बघितलं, माझ्या उष्ट्या ताटाकडे बघितलं आणि मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेली.

थोड्या वेळानं मला केंद्राचा मेसेज आला : 'वधूपक्षाने विचार करण्यासाठी आठ दिवसांची मुदत मागितली आहे.'