अजून तयार नाही

"पेटी वर काढा."

साहेब एवढंच म्हणाले. ओरडले नाहीत. त्यांना कधी ओरडावं लागत नसे.

सोनाबाईची पेटी कबरीत उतरली होती. माझी प्रार्थना संपली होती. तिच्या लेकीने, लीलाने, पहिली मूठ माती टाकली होती, आणि त्याच वेळी आमचे पाळकसाहेब पांढरा झगा सावरत दफनभूमीच्या फाटकातून आत आले. कबरीच्या काठाशी थांबले. आत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे.

"कोणी सांगितलं तुला?"

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. रत्नागिरीच्या आमच्या मंडळीत प्रचारक. म्हणजे उपदेश करायचा, आजाऱ्यांकडे जायचं, साहेबांची बॅग धरायची. पण दीक्षा नाही, पाळक नाही. सोनाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होती, सगळ्या कंपाउंडने तिच्या हातचं खाल्लेलं. साहेब त्या दिवशी कोल्हापूरला मीटिंगला गेले होते. चारला येतो म्हणाले होते. साडेपाच वाजून गेले. एप्रिल महिना. पेटीत ठेवलेला बर्फ वितळून खालून पाणी गळायला लागलं. लीला माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "किती वेळ ठेवायची आयेला अशी? तुम्हीच करा ना, दादा."

पाळक नसले तर प्रचारकाने दफन करायचं, असंच आमच्यात चालत आलं होतं. मी नियम मोडला नव्हता. हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"कच्च्या माणसाने पुरलेलं मी मानत नाही," साहेब म्हणाले. "दोर लावा. पेटी वर घ्या. मी पहिल्यापासून करतो."

कोणी हललं नाही. चार बाप्ये होते, चौघेही आपापल्या पायांकडे बघत राहिले. मग साहेब मला म्हणाले, "तू उतर. दोर तूच सोडलेस ना?"

मी उतरलो.

जांभ्यात खोदलेली कबर अरुंद असते. भिंती सरळ. पेटीच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. पेटीखाली दोर सरकवायला मला झाकणावर गुडघे टेकावे लागले. सोनाबाईच्या अंगावर. वर पाहिलं तर सगळ्यांची पावलं माझ्या डोळ्यांसमोर, आणि साहेबांचे पॉलिश केलेले बूट. वरून थोडी माती माझ्या मानेवर पडत होती. लीलाने टाकलेली मूठ झाकणावर तशीच होती. ती मी हाताने बाजूला सारली.

पेटी वर आली. साहेबांनी पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा केलं. मग मंडळीसमोर मला उभं केलं आणि काय म्हणायचं ते सांगितलं. मी म्हटलं. "माझी चूक झाली. मी अजून तयार नाही."

फाटकाशी लीलाने मला अडवलं. रडत नव्हती. खरंच विचारत होती.

"मंगाशी तुम्ही प्रार्थना केलीत ती फुकट गेली काय, दादा?"

"साहेबांना विचार," मी म्हटलं.

हे माझं पाप. अपमान साहेबांनी केला, पण हे उत्तर माझं. कोणी जबरदस्तीने वदवून घेतलं नव्हतं.

आठवडाभराने साहेबांच्या जीपच्या ड्रायव्हरने मला एक गोष्ट सांगितली. साहेब दफन उरकल्यावर पोचले नव्हतेच. माझी प्रार्थना सुरू झाली तेव्हा जीप दफनभूमीच्या गडग्याबाहेर उभी होती. साहेब बाहेर थांबून ऐकत होते. ड्रायव्हर म्हणाला, "मी म्हटलं साहेब, जायचं ना आत? ते म्हणाले, थांब. बायका रडायला लागल्या तसं त्यांचं तोंड बघायला हवं होतंत."

म्हणजे प्रश्न नियमाचा नव्हता. परवानगीचा नव्हता. बायका माझ्या प्रार्थनेला रडल्या, एवढंच होतं.

साहेबांचे वडील पाळक. आजोबा पाळक. त्यांचे पणजोबा वरच्या आळीतून ख्रिस्ती झाले, माझे गावकुसाबाहेरून. बाप्तिस्म्याचं पाणी एकाच विहिरीचं. पण शंभर वर्षांनंतरही त्यांच्या घरात माझ्या बापाचा उल्लेख "आमचा स्वयंपाकी" असाच व्हायचा, आणि माझा, "आमच्या स्वयंपाक्याचा मुलगा, बोलतो बरं." बोलतो बरं, हेच नडलं.

माझी दीक्षा सात वर्षं अडली. पाळकाच्या शिफारशीशिवाय दीक्षा होत नाही, आणि साहेब दर वर्षी अहवालात एकच ओळ लिहायचे. अजून तयार नाही. मी एकदाही विचारलं नाही, कशासाठी तयार नाही. मी दुसरंच काहीतरी केलं. ते आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

मी वाईट उपदेश करायला शिकलो.

मुद्दाम. साहेब समोर बसलेले असले की मी अडखळायचो. वचनं चुकवायचो. गोष्ट रंगायला लागली की तोडायचो. लोक जांभया द्यायला लागले की मला हायसं वाटायचं, कारण साहेबांच्या चेहऱ्यावरची आठी सुटायची. सात वर्षं मी हा रियाज केला. सातव्या वर्षी त्यांनी लिहिलं, तयार आहे. माझ्या डोक्यावर हात ठेवले गेले, मी पाळक झालो. आणि पहिल्या रविवारी मोकळेपणाने बोलायला उभा राहिलो तर काही येईना. आवाज होता. त्यातलं जे होतं ते गेलं होतं.

ते परत आलं नाही. मी वीसएक वर्षं कोरडा उपदेश करतोय. लोकांना वाटतं माझा स्वभावच अबोल.

आता एस्तेर.

दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे उमेदवारीला आली. लांज्याकडची. बाप चिरेखाणीवर कामाला. घरातली पहिली शिकलेली, धर्मशिक्षणाची पदवी घेतलेली, वय अठ्ठावीस. बुटकी, चष्मा, स्कूटरवरून फिरायची. दोन वर्षं माझ्या हाताखाली काम करायचं, मग मी अहवाल द्यायचा, मग दीक्षा. अशी रीत.

तिचा पहिला उपदेश मी वेदीजवळच्या खुर्चीत बसून ऐकला. पाचव्या मिनिटाला मला कळलं. माझ्यातलं जे मी मारलं होतं, ते तिच्यात होतं. तसंच. आणि तिला त्याची भीती वाटत नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

यापुढे मी काय काय केलं ते लिहितो. सजवून नाही.

मी चपला मोजल्या. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीशी लोक चपला काढतात. माझ्या रविवारी एकोणचाळीस जोड. तिच्या रविवारी चौसष्ट. हे मी डायरीत लिहून ठेवलं, प्रार्थनेच्या विनंत्या लिहितो त्याच डायरीत. मग मी तिचे रविवार कमी केले. सणांची उपासना कधी दिली नाही. सिव्हिल हॉस्पिटलमधून कोणी "ताईंना पाठवा" असा फोन केला की मी स्वतः जायचो आणि सांगायचो, ती कामात आहे. ती कामात नसायची. ती माझ्या निरोपाची वाट बघत असायची.

एका रविवारी उपासना संपल्यावर मी दाराशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होतो. ऐंशीच्या पुढची एक म्हातारी आली, माझा हात धरला, माझ्या मागे डोकावली.

"आज ताय नाय काय हो?"

"नाही आजी. आज मी होतो."

"व्हय, ता बघितला मी," ती म्हणाली. "झोप बरी लागली."

मागचे लोक हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

त्याच आठवड्यात मी एस्तेरचा अहवाल लिहिला. एकच ओळ. लिहिताना शब्द शोधावे लागले नाहीत. अजून तयार नाही.

त्या ओळीने तिचं काय होणार होतं हे मला पक्कं माहीत होतं. दीक्षा ठरवणारी कमिटी तिला मुलींच्या वसतिगृहावर वॉर्डन म्हणून पाठवणार होती. तिथे एकदा गेलेली बाई पुन्हा व्यासपीठावर येत नाही.

अहवाल कमिटीच्या अध्यक्षांकडे द्यायचा असतो. अध्यक्ष म्हणजे साहेब. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण ते पद त्यांनी सोडलं नाही. मांडवीला त्यांचं घर आहे, व्हरांड्यातून समुद्र दिसतो. सकाळी मी कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला. घडी केली. मग उठले, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

"शाब्बास," ते म्हणाले. "आता खरा पाळक झालास."

त्यांनी खुर्चीकडे हात केला.

"बस, चहा घे. अरे, ही चांगली बोलणारी माणसं लोकांना बिघडवतात. वेळीच बसवावी लागतात. तुला नाही बसवलं?"

"साहेब, मी तेव्हा तयार नव्हतो?"

ते हसले. प्रेमाने हसले, हे सांगायला हवं.

"तू तर पहिल्याच वर्षी तयार होतास. म्हणून तर."

चहा आला. कप माझ्या हातात होता. मी समोर पाहत होतो आणि मला एकच दिसत होतं, की या माणसाने मला आज पहिल्यांदा आपल्यातला मानला. त्यासाठी मी आयुष्यभर झुरलो होतो. तो मान मला मिळाला होता आणि मी तो कशाच्या बदल्यात घेतला ते त्याच्या मांडीवर घडी करून ठेवलेलं होतं.

मी चहा न पिता उठलो. साहेब म्हणाले, "अरे, झालं काय?"

मी थेट एस्तेरच्या खोलीवर गेलो. ती दारात कपडे वाळत घालत होती. "सलाम, सर," म्हणाली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चपला. हॉस्पिटलचे चार फोन. अहवाल. सांगता सांगता रडलो. बावन्न वर्षांचा माणूस तिच्या दोरीवरच्या ओढण्यांसमोर उभा राहून रडत होता. मला वाटत होतं, ती म्हणेल, असू दे सर. मला तेच हवं होतं, हेही कबूल करतो.

ती ते म्हणाली नाही. हातातला चिमटा दोरीला लावला.

"हॉस्पिटलमधल्या त्या मावशी, कर्करोगाच्या," ती म्हणाली, "त्यांनी मला बोलावलं होतं?"

"हो."

"चार वेळा?"

"हो."

"त्या गेल्या, सर."

"माहीत आहे."

तिने ओढणीला दुसरा चिमटा लावला. मग म्हणाली, "तुम्ही लिहिलंत ते फाईलमध्ये गेलं. तुम्ही रडलात ते कुठे जाणार? मला तुमच्या रडण्याचं काय करायचंय?" बादली उचलली आणि आत गेली. दार लावून घेतलं.

तिचं बरोबर होतं. एकांतात रडणं सोपं असतं. मी आयुष्यभर एकांतातच शहाणा होतो.

कमिटीची बैठक पुढच्या शनिवारी झाली. देवळामागच्या हॉलमध्ये, सात जण. एस्तेरचा विषय आला तेव्हा मी उभा राहिलो आणि लिहून नेलेलं वाचलं. एस्तेर उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी दीक्षेला योग्य होती. मी मत्सरापोटी खोटा अहवाल दिला. तो मी मागे घेतो आणि तिची शिफारस करतो.

"खाली बस," साहेब म्हणाले.

मी उभाच राहिलो.

"अरे, तुला बरं नाही का? बस म्हणतो ना."

"बरं आहे, साहेब. बसत नाही."

खुर्च्या करकरल्या. कोणीतरी खोकलं. मग साहेब सेक्रेटरीकडे वळले आणि नेहमीच्या शांत आवाजात सांगू लागले, "लिहा. पाळकांनी गैरसमजातून दिलेला अहवाल मागे घेतला. निर्णय पुढच्या वर्षापर्यंत तहकूब."

"गैरसमज नव्हता," मी म्हटलं. "मत्सर होता. मत्सर लिहा."

सेक्रेटरीचं पेन थांबलं. त्याने साहेबांकडे बघितलं.

"असले शब्द इतिवृत्तात येत नाहीत," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. का, ते मला कळलं. एका पाळकाच्या नावापुढे तो शब्द लागला की जुन्या फायली उघडाव्या लागतील. त्यात अक्षर कोणाचं आहे ते त्यांना माहीत होतं.

गैरसमज लिहिलं की दोष अर्धा एस्तेरच्या पदरात जातो. तिने काहीतरी केलं असेल, म्हणून झाला. मला तो अर्धाही द्यायचा नाही.

इतिवृत्तावर स्थानिक पाळकाची सही लागते. मी केलेली नाही. सही नाही तोवर तहकुबीचा ठराव पक्का होत नाही आणि तिला वसतिगृहावर पाठवता येत नाही. सेक्रेटरी तीनदा घरी येऊन गेला. चौथ्यांदा क्वार्टर रिकामं करायचं पत्र घेऊन आला. पत्र घेतलं. सही केली नाही. बायकोने काही न विचारता माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या आहेत.

एस्तेर मला अजून सलाम करत नाही. तिने करावा म्हणून मी हे करत नाही.

ते तो शब्द लिहीत नाहीत म्हणून मी इथे लिहिला. आणि दर रविवारी घोषणांच्या वेळी, प्रार्थनासभेची वेळ सांगून झाली की, मी कमिटीपुढे वाचलेली तीच तीन वाक्यं मंडळीसमोर वाचतो. गेल्या रविवारी मध्येच माईक बंद करण्यात आला. मी माईक बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून वाचलं.

उद्या रविवार आहे. उद्याही वाचणार.