काशिरामची हाळी

‘अलोन’ म्हणजे एकटा आणि ‘लोनली’ म्हणजेही एकटाच, मग इंग्रजांना दोन शब्द लागतात कशाला, असं शिकवणीला येणाऱ्या आभानं परवा विचारलं. व्याख्या सांगून मोकळी होणार होते. पण आमच्या खालच्या मजल्यावरचा काशिराम आठवला आणि तिला त्याचीच गोष्ट सांगितली.

काशिराम उरणकडच्या एका मिठागरावर राखणदार होता. बायको लवकर गेली, मुलगा परेश मामाकडे वाढला. हा बांधावरच्या झोपडीत एकटा. दिवस मावळताना तोंडाशी हात धरून हाळी द्यायचा, "हाय रं?" पलीकडच्या आगरावरून कमळाकर ओ द्यायचा, "हाय!" झालं. दोघं जिवंत आहेत, एवढी खबर पुरायची. ओ आली नाही तर ताटातली भाकरी टाकून पळत जायचं, असा तिथला रिवाज. भेटी मात्र फक्त शिमग्याला.

नव्वदच्या सुमारास आगरावर भराव पडला आणि परेशनं बापाला पनवेलला, आमच्या बिल्डिंगमध्ये आणलं. घरात सून, नातवंडं, टीव्ही. जिन्यात सदा वर्दळ. पहिल्याच संध्याकाळी काशिरामनं गॅलरीत उभं राहून हाळी दिली. माणसं दचकली. रोज तेच व्हायला लागल्यावर तक्रारी गेल्या. परेश शरमेनं मान खाली घालून जिना चढायचा. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, हे त्याच्या बायकोनं, शोभानं, ठरवूनच टाकलं होतं.

मला असली रड सोसत नाही. एकदा मीच वरून "हाय!" म्हणून ओ दिली. त्यानं मान वर केली.

"बाय, तुमी मना गप करायला ओ दिली. कमळाकर तशी नाय देत."

खोटं बोलत नव्हता.

पुढे त्यानं एकच धोशा लावला. आगरावर न्या, कमळाकर वाट बघत असेल. टाळून टाळून शेवटी एका रविवारी परेशनं त्याला स्कूटरवरून नेलं. तिथे काय झालं ते परेशनंच मला सांगितलं. झोपडी नव्हती, बांध नव्हता. लाल मातीचं मैदान आणि ट्रेलरांची रांग. कमळाकर कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं तिथे उभं राहून हाळी दिली. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, बाकीचे हसले.

मग काशिराम पळत सुटला. त्या वयात, भरावाच्या ढेकळांतून, कमळाकरच्या आगराच्या दिशेनं. ओ आली नव्हती ना. परेशनं त्याला धरून आणलं.

त्या संध्याकाळपासून हाळी बंद झाली. बिल्डिंगला बरं वाटलं. काशिराम गॅलरीत बसायचा, मागे नातवंडांचा गोंधळ चाललेला, आणि हा तोंड मिटून. शिमग्याच्या आधीच गेला.

आभानं विचारलं, "पण कमळाकरचं काय झालं?"

मला काय माहीत, म्हटलं. आणि तिला पुढचा शब्द वाचायला सांगितला.