तिघांचं एकमत

मीटरवाल्याला सुट्टी कधीच मानवली नाही, पण त्या रविवारी त्याने अगदी ताळ सोडला. पेपर उलटा धरून वाचला, गॅसची कळ तीनदा तपासली, चहा निवला तरी ढवळतच राहिला.

"अहो, बूड टेकवा कुठेतरी," बायको म्हणाली. "घर काही उकळत नाहीये."

उकळत होता तो कारखान्याचा बॉयलर. कागद कारखान्यात हा माणूस एकतीस वर्षं मीटर तपासून नीट लावत आला होता. निवृत्तीला चार आठवडे उरले होते. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्यावर तीन मीटर. पाणी फार उतरलं तर नळ्या तापून फुटतात, आणि खाली माणसं काम करत असतात. तीन अशासाठी की एखादा बिघडला तर उरलेल्या दोघांचं खरं धरायचं. एका दिवशी एकच मीटर तपासायचा, हा नियमही त्याचाच. तो मोडणाऱ्यांना त्याने रडवलेलं होतं.

आणि गुरुवारी त्यानेच तो मोडला. बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून तिन्ही एका दुपारी उरकले. त्याआधी तपासणीचा गेज, ज्याच्याशी मीटर ताडून बघायचे तो, हातातून निसटून लोखंडी पायरीवर आपटला होता. काटा शून्यावर आला, म्हणून त्याने चालवून घेतला. तिन्ही मीटर थोडे कमी दाखवताहेत असं वाटलं, तेव्हा तिन्ही 'सुधारले'.

चहा ढवळता ढवळता चमचा थांबला. तीन धडधाकट मीटर एकाच दुपारी, सारखेच कसे चुकतील? चुकला होता तो गेज.

तो चपला घालून कारखान्याकडे निघाला. बायको मागून काहीतरी म्हणाली, ते त्याच्या कानात शिरलं नाही.

"काका, आज रविवारी?" शिफ्ट इंजिनिअर मुलगी हसली. "काकूंनी हाकललं वाटतं."

"मॅडम, ड्रमची काच धुवून बघा."

ड्रमला पाणी दिसावं म्हणून जाड काच असते. मीटरचे आकडे दाखवणारे संगणकाचे पडदे आल्यापासून तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. ती पांढरी पडली होती.

"कशाला? तिन्ही मीटर एकच आकडा दाखवतायत."

"एका माळेचे मणी आहेत ते. माळ मीच ओवलीय."

"काच धुवायला वाफ सोडावी लागेल. कारण काय लिहू?"

तो एका दमात बोलून मोकळा झाला: गेज पडला, कुणाला सांगितलं नाही, त्यानेच तिन्ही लावले.

"हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुम्ही त्याची सालटी काढली असती."

"माझी नंतर काढा. आधी काच."

वाफ फुत्कारून गेली, काच स्वच्छ झाली. पडद्यावर पाणी निम्म्यावर होतं. काचेत ते धोक्याच्या लाल रेघेच्या जेमतेम दोन बोटं वर होतं. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. पाणी काचेत दिसतंय तोवर भरता येतं; दिसेनासं झालं की तापल्या नळ्यांवर गार पाणी सोडणं म्हणजे स्फोटच. तिने आग कमी करायला लावली, पाणी हळूहळू वाढवलं. मग रजिस्टर ओढलं.

"'उपकरणातील दोष' लिहू?" तिने हलकेच विचारलं.

"गेज काय आपण होऊन उडी मारतो? माझं नाव लिहा."

दुसऱ्या विभागातून गेज आणून त्याने एक मीटर नीट केला. लगेच पडद्यावर लाल दिवा लागला: हा मीटर खोटा. दोघा खोट्यांनी खऱ्याला बाद केलं होतं.

"दुसरा मीटर आता तुम्ही लावा," तो मुलीला म्हणाला. "तुमच्या हाताने. माझ्या हातावर आज भरवसा नको."

"मग तुम्ही घरी जा."

"दोन मीटर खरं बोलेपर्यंत इथे कुणाचा तरी डोळा हवा."

त्याने एक स्टूल काचेसमोर ओढलं. उष्णतेने भुवया करपतील अशी ती जागा. मुलगी पान्हा घेऊन जिना चढत होती, आणि तो पाण्यावरची नजर न काढता तिला सांगत होता, "सावकाश. गेज छातीशी धरा."