मागच्या दाराचा जिना

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावरचा फोन वाजला. फायर इन्स्पेक्टरने एकच वाक्य सांगितले : शर्मन आणि त्याची बायको रूथ यांचे लायसन्स नामंजूर.

मी तेव्हा नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील एका काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस खात्यात होतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलांना काउंटी तात्पुरते दुसऱ्या कुटुंबात ठेवते. ते फॉस्टर होम. त्याला लायसन्स लागते. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत तीन भावंडांची सोय लावायची होती : नऊ वर्षांची डॉना, सहा वर्षांचा टॉमी, तीन वर्षांची बेकी. तिघांना एकत्र घेणारे घर एकच, कोळंबी पकडणाऱ्या शर्मनचे. ते नसेल, तर तिघे तीन काउंट्यांत.

पुराच्या भीतीने ते घर दहा फूट उंच खांबांवर बांधलेले. मुले झोपतात तेथून बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, हा नियम. शर्मनकडे जिना एकच. मागच्या दाराला बोटीत उतरण्याची दोरीची शिडी होती. होम व्हिजिटच्या वेळी तीच मी दुसरी वाट म्हणून लिहिली होती. चूक माझी.

माझी बॉस डॉरिस म्हणाली, "साने, तीन घरं तयार आहेत. हट्ट सोडा."

"पाच वाजता सोडतो," मी म्हणालो. इन्स्पेक्टरला तीन वाजता पुन्हा येण्याची विनंती केली. तो कुरकुरत कबूल झाला.

साडेनऊला रूथकडे पोचलो. शर्मन समुद्रावर होता. तिने स्वयंपाकघरातल्या, बोटींशी बोलायच्या रेडिओचा माइक उचलला. तेथील बोटी एकाच चॅनेलवर असतात. एकाला सांगितलेले सगळ्यांना ऐकू जाते.

"शर्मन, मागच्या दाराला जिना हवा. तीनच्या आत. नाहीतर मुलं जातील."

एवढे बोलून तिने कॉफी ठेवली. कोळंबीचा मोसम भरात होता. तरी अकराच्या सुमारास धक्क्याला एक नव्हे, चार बोटी लागल्या. येताना कोणी फळ्या आणल्या, कोणी खिळे.

मी गाडीत बसून कागद पुरे करू लागलो. ही दुसरी चूक. साडेबाराला येऊन पाहतो, तर काम संपलेले. सांधे असे की नख शिरू नये. मात्र तो बोटीवरचा जिना होता : जवळजवळ उभा, पायरी चार बोटे रुंद, कठड्याऐवजी दोर. जन्मभर बोटी दुरुस्त केलेल्या त्या माणसांना जिना म्हणजे तोच ठाऊक.

मी पायरीला मापाची टेप लावली. "हा पास होणार नाही."

"माझी आई ऐंशीव्या वर्षी असल्याच जिन्यावरून उतरायची," शर्मन म्हणाला.

"बेकी तीन वर्षांची आहे."

रूथ वरून म्हणाली, "गेल्या महिन्यात बोटीत कोण घसरलं, तेही सांग की त्यांना."

सगळे हसले. शर्मनही हसला आणि त्याने स्वतःच पहिली फळी उखडली.

फॉर्मच्या पाठीवर मी आकृती काढून दिली. पसरट जिन्याला जागा लागते. त्या जागेत जाळी वाळत घालण्याची शर्मनची लाकडी चौकट उभी होती. त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि करवत घेतली. तिचेच लाकूड पायऱ्यांना लागले. काउंटीच्या नोकराने क्लायंटच्या घरी अंगमेहनत करू नये, असा नियम आहे. मी फळीचे दुसरे टोक धरले.

तीनला इन्स्पेक्टर आला. चढला, उतरला, पुन्हा चढला. प्रत्येक पायरी मोजली. कठडा गदागदा हलवला.

"कोणी बांधला?"

"बोटवाल्यांनी."

"वाटत नाही," तो म्हणाला, आणि त्याने सही केली.

साडेचारला मी मुलांना घेऊन आलो. डॉना गाडीतून उतरेना. "आम्ही तिघं इथंच?" मी तिला फॉर्मवरची तिन्ही नावे दाखवली. तिने ती दोनदा वाचली, मग टॉमीचा हात धरून उतरली. बेकी तोवर नव्या जिन्यावर पोचली होती. पहिल्या पायरीवरून उडी, मग दुसरीवरून, मग तिसरीवरून. खाली सात धिप्पाड माणसे हात पसरून उभी, आणि शर्मन मोठ्याने उड्या मोजत होता. रूथ डोळे पुसत हसत होती. मीही हसलो असेन.

माप लाकूड कापण्याआधी सांगावे, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

पाचला दहा मिनिटे कमी असताना रूथच्या फोनवरून मी तीन काउंट्यांना फोन केले आणि राखून ठेवलेल्या तिन्ही जागा कॅन्सल केल्या.