दोन बाणांची खूण

दसऱ्याला चिंच भिजत घातली की त्या आंबट वासासरशी भुईगावच्या घराची ओटी आठवते, आणि मांडीवर जुनं ठासणीचं पिस्तूल घेऊन बसलेले बाबा. ते आमच्या पूर्वजाला शौर्याबद्दल मिळालं, असं ते सांगत. पुरावा म्हणून पितळी पट्टीवरची खूण दाखवत: टोकाला टोक भिडलेले दोन बाण. आम्ही त्या खुणेला हळदकुंकू वाहत असू.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडच्या एका दसऱ्याला मामा सोनं द्यायला आले. लष्कराच्या शस्त्रभांडारात त्यांची हयात गेलेली. चष्मा लावून त्यांनी खूण पाहिली आणि सहज म्हणाले, "दाजी, हा इंग्रजी फौजेचा शिक्का. एक बाण म्हणजे सरकारी माल. असे दोन भिडवले, की तो सेवेतून काढून विकलेला."

"म्हणजे निकामी?" बाबांनी विचारलं.

"निकामीच. भंगार."

कंपनीने बाबांना घरी बसवून तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. मामांना ते ठाऊक नव्हतं. आई चहाच्या निमित्ताने आत गेली. बाबा चिंचेचा कोळ लावून पट्टी घासत राहिले.

त्यांना पुन्हा नोकरी लागली नाही. दर दसऱ्याला ते तेवढीच जागा घासायचे, पुढे पुढे तर पॉलिशपेपरने. मला ती भक्ती वाटायची.

आता बाबा नाहीत. आज चिंच लावताना अंगठा त्या जागच्या खळग्यात आपसूक बसला. खूण पार मिटली आहे, पण ती कुठे होती, हे आता आंधळ्यालाही कळेल.