हिरवी खिडकी, पांढरी खिडकी

तक आडनावाची मिरान नेमकं काय काम करते, हे तिच्या सासूला कधी धड सांगता आलं नाही. "शोधणाऱ्याला दुकान सापडवून देते," असं म्हणायची बिचारी. आणि खरं तर त्याहून नीट कुणीच सांगितलेलं नाही.

दोंजी गावात इंटरनेटवर काही शोधायचं तर दोन खिडक्या. एक देशी, तिला लहानथोर हिरवी खिडकी म्हणतात. दुसरी परदेशी, पांढरी, कोरी. मिरान होती हिरवीची लाडकी. हिरवीला गप्पा लागतात. कुणीतरी जेवून यायचं, वीस फोटो टाकायचे, 'बाई, काय ती कढी' असं लिहायचं, की ती खूश आणि दुकान सगळ्यांच्या वर. गावातल्या खानावळी, मासेवाल्या, केस कापणाऱ्या, सगळ्यांचं मिरानने असंच मांडून दिलं होतं. पांढरीकडे ती ढुंकून बघत नसे. "आपल्या गावात कोण परदेशी कडमडतंय," म्हणायची.

त्या वसंतात पिल-नाम आजी तिच्या दारात येऊन बसली. आजी मोशी विणते. मोशीच्या झाडाची साल दातांनी चिरायची, तंतूला तंतू मांडीवर वळून जोडायचा, आणि त्याचं उन्हाळ्यात घालायचं कापड विणायचं, असं हलकं की मुठीत मावावं. साठ वर्षं हेच करून आजीच्या पुढच्या दातांना खाच पडली आहे. तालुक्याच्या कचेरीने कळवलं होतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या दानोच्या सणापर्यंत सहा शिकाऊंची नावं आली तर विणकामाचं तळघर चालू, नाहीतर कुलूप.

"दोन आहेत," आजी म्हणाली. "एक रिटायर झालेला पोस्टमन आणि एक माझी सून. सूनही धरून आणलेली आहे. तू चार सापडवून दे, पोरी."

मिरानने जीव ओतून इंटरनेटवरचं पान केलं. आमच्याकडची रीत अशी, की पान म्हणजे एकच लांबलचक चित्र. धुक्यातलं मोशीचं शेत, आजीचे हात, आणि त्यावरच सुंदर वळणाची अक्षरं रंगवलेली, अगदी फोन नंबरसुद्धा. बोटाने वर सरकवत जावं तसं उलगडत जातं. हिरव्या खिडकीत फोटो आणि गप्पा टाकल्या त्या वेगळ्या.

माणसं आली. तीन आठवडे रोज आली. तळघरात वाकून फोटो काढले, मोशीच्या पाल्याच्या वाफवलेल्या करंज्या खाल्ल्या आणि गेली. नाव एकाचंही नाही.

"सापडवलीस खरी," आजी म्हणाली, "पण सगळी खाणारी."

या चिंतेने मिरानची मान आखडली. ती बोंग मास्तरांकडे गेली. मास्तर आंधळे आहेत. आमच्याकडे मालिशचा परवाना आंधळ्यांनाच मिळतो, त्यामुळे गावातल्या सगळ्या पाठी त्यांना पाठ.

मान चोळता चोळता मास्तर म्हणाले, "तुझं पान ऐकलं हो."

त्यांचा फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. त्यांनी तो तिच्या कानाशी धरला. फोन म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. चित्र." आणि गप्प झाला.

"तीस वर्षं पिल-नाम वहिनींचे खांदे चोळतोय," मास्तर म्हणाले. "त्या करतात काय, ते तुझ्या पानावरून तरी कळेल म्हटलं."

मिरानच्या पडल्या पडल्या ध्यानात आलं. हिरवीला शेजारपाजारच्या गप्पांतून तरी कळतं. पांढरीला इथे कोण शेजारी? ती फक्त अक्षरं चाचपते. आणि मिरानने एकही अक्षर चित्राबाहेर ठेवलं नव्हतं.

"मास्तर, ती पांढरी खिडकी अगदी तुमच्यासारखी आहे."

"म्हणजे देखणी असणार."

दुसऱ्या दिवशी मिरान तळघरात जाऊन बसली आणि आजीला खोदून खोदून विचारलं. शिकायला किती दिवस? दात लागतातच का? राहायचं कुठे? आजी सांगेल तसं साध्या अक्षरांत टाइप केलं. हिरवीसाठी पुन्हा वेगळं लिहिलं, कारण पांढरीला वाढलेलं तेच ताट तिच्यापुढे सरकवलं की ती तोंड फिरवते आणि पान पार तळाशी ढकलते.

"एका घरात दोन सासवा झाल्या आहेत मला," मिरान म्हणाली. "एकीला अळणी, एकीला झणझणीत."

"मला एकच होती," आजी म्हणाली. "तीच पुरून उरली."

नवं पान पहिल्यांदा ऐकलं ते मास्तरांनी. काठी टेकत थेट तळघरात आले. "माझं नाव लिहा."

"आंधळा माणूस सूत जोडणार?" आजी म्हणाली.

"वहिनी, तुमच्या तळघरात उजेड तरी कुठे आहे?"

झाली तीन. मग देजॉन शहरातल्या एका नर्सचा फोन आला. तिला पान पांढऱ्या खिडकीत सापडलं होतं. मग क्योतोहून एका विणकरीण बाईचं पत्र. तिने पांढऱ्या खिडकीतूनच ते आपल्या भाषेत करून वाचलं होतं. अक्षरं होती म्हणून जमलं. पाच झाली आणि गाडी अडली. दानोच्या आदल्या सकाळी एक बाई दारात उभी. त्या तीन आठवड्यांत करंज्या खाऊन गेलेली. घरी गेल्यावर फोटो बघत बसले, म्हणाली, आणि राहवेना. सहावं नाव तिचं.

"बघ, खाणारीही परत येतात," मिरान म्हणाली. आजी त्या बाईला तळघरात घेऊन गेली.

पहिल्या दिवशी आजीने सगळ्यांना तंतू जोडायला बसवलं आणि एकेकाचं सूत नखाने तपासलं. पोस्टमनच्या सुताला गाठीच गाठी. सुनेचं बरं होतं, पण आजी तसं बोलली नाही. मास्तरांच्या सुतावरून तिने तीनदा नख फिरवलं. जोड कुठे आहे ते सापडेना. तिने तंतूंची आणखी एक जुडी त्यांच्यापुढे सरकवली.

मग मिरानला म्हणाली, "लिही त्या पानावर. डोळे नसले तरी चालतील. बडबड मात्र कमी हवी."

मिरानने ते लिहिलं. दोनदा, दोन तऱ्हांनी.