नाव घातलेला सिनेमा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेठइतका चोरीला भिणारा माणूस अख्ख्या पुण्यात शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्याकडचं काही चोरावं असं आजवर एकाही चोराला वाटलेलं नाही, हेही तितकंच खरं. चाळीस वर्षं मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची अडत केली, म्हणून ते शेठ. खरं नाव मी सांगत नाही. तशी गरजही नाही, कारण छत्री, शिडी, बादली, जिन्यातली तुळशीची कुंडी, सगळीकडे ते तैलरंगात लिहिलेलं आहे. भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण शेठनी चमच्यांवरही आडनावासकट घातली. जागा पुरली नाही म्हणून गावाचं नाव मागच्या बाजूला आलं. "नाव घातलेली वस्तू फिरून घरी येते, मास्तर," असं ते मला, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त गणित शिक्षकाला, महिन्यातून दोनदा तरी ऐकवत.

दुसऱ्याच्या वस्तूबाबतही तोच काटेकोरपणा. मंडईत द्राक्षवाल्याने चवीला पुढे केलेला मणी तोंडात टाकला, तर त्याच्या हातावर दोन रुपये ठेवत, आणि तो घेईना तर घेईपर्यंत तिथेच उभे राहत. एकदा मी त्यांच्या दारात पडलेल्या पेपरचा नुसता मथळा वाचला. "सावकाश वाचा, मी थांबतो," असं म्हणून ते पाच मिनिटं माझ्या डोक्यावर उभे! दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःचा पेपर लावला. बरं, धड रागावताही येत नाही. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी हाच माणूस दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होता. उशी घरून आणली होती, अर्थातच नाव लिहिलेली.

अशा माणसाने सिनेमात पैसे घालावेत, याला काय म्हणावं? ओळखीतला एक दिग्दर्शक एका टेम्पोवाल्याच्या लग्नाची गोष्ट घेऊन आला, आणि यार्डातला गाळा विकून आलेल्या रकमेतला मोठा वाटा शेठनी त्यात टाकला. असे वीसेक जण होते. बेकरीवाले चाचा, खाणावळ चालवणाऱ्या एक बाई, दोन-तीन निवृत्त कारकून. सगळे छोटे लोक. लोकांनी तिकिटं काढली तरच त्यांचे पैसे सुटणार होते, नाही तर बुडणार होते. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी निर्मात्याने प्रत्येकाला मोबाइलवर सिनेमा बघायला पाठवला. तो कुणी फोडू नये म्हणून ज्याच्या-त्याच्या प्रतीवर त्याचंच नाव मधोमध, फिकट अक्षरांत टाकलेलं. सोबतच्या सूचना शेठनी वाचल्या नाहीत. नाव मात्र वाचलं, आणि धावत खाली आले. "बघा मास्तर, हिरोईनच्या कपाळावरसुद्धा आपलंच नाव." तो माणूस इतका खूश मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

सिनेमा शुक्रवारी लागला आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत घराघरांतल्या मोबाइलवर पोचला. फुकट, अख्खा, स्वच्छ आवाजासकट. रविवारच्या खेळाला थिएटरात शेठ, त्यांची बायको आणि एसीसाठी आलेलं एक जोडपं. शेठच्या तळपायाची आग मस्तकात गेली. यार्डात जाऊन त्यांनी एका हमालाच्या हातातला मोबाइल हिसकावला. त्यात क्रिकेट निघालं, तर त्याची माफी मागून त्याला चहा पाजला. मग पोलिसांच्या सायबर विभागात चार पानी अर्ज दिला. चोरीचा माल म्हणून ती फुटलेली प्रत मात्र स्वतः उघडूनही पाहिली नाही. गुरुवारी भागीदारांची बैठक ठरली, आणि प्रत ज्याच्याकडून फुटली त्याला तिथे सगळ्यांसमोर उभा करायचा, असा शेठनी पण केला.

आता माझं सांगतो. आम्ही नवरा-बायको पुढच्या रविवारी थिएटरात जाणारच होतो. पण बुधवारी दुपारी नगरच्या साडूने मला तोच सिनेमा मोबाइलवर पाठवला. लबाडी कशाला करू, मी लावला. पहिल्याच दृश्यात टेम्पो आला आणि टेम्पोवरून, फिकट अक्षरांत, नाव आलं. छत्रीवरचं, शिडीवरचं, चमच्यावरचं. तरी चाळीस मिनिटं बघितला, हे सांगायलाही मला लाज वाटते.

तेवढ्यात शेठ स्वतःच खाली आले, हातात बैठकीतलं भाषण. "शुद्धलेखन बघून द्या." त्यात तीन ठिकाणी गद्दार होता, दोन ठिकाणी दरोडेखोर, आणि शेवटी 'अशा माणसाला पुन्हा आपल्या पंगतीला बसवू नये' असा ठराव. मी लाल पेन घेतलं. वेलांट्या दुरुस्त करू लागलो. आज सांगितलं नाही तर उद्या हा माणूस वीस जणांपुढे हे मोठ्याने वाचणार, आणि तिथे कुणीतरी मोबाइल उघडून त्याला दाखवणार. शेवटी मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

शेठनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "मी फक्त आक्काला पाठवला व्हता."

आक्का म्हणजे त्यांची वाघोलीची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच शेठना वाढवलं. खुब्याचं हाड मोडून तीन महिने अंथरुणाला खिळलेली, थिएटरात जाणं शक्यच नव्हतं. शेठनी माझ्यासमोरच तिला फोन लावला. नुसतं विचारलं, सिनेमा कसा वाटला. आक्का आनंदाने सांगत सुटली. भजनी मंडळाला धाडला, सुनांच्या माहेरी धाडला, भाच्यांना धाडला. "समद्या सिनेमाभर तुझं नाव हाय, लोकांस्नी कळाया नको?" शेठ म्हणाले, "कळाया पायजे." एरवी यार्डातही शुद्ध बोलणारा हा माणूस त्या दिवशी गावाकडचं बोलत होता. फोन ठेवला आणि भाषणाच्या कागदाची चौकोनी घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बैठकीला मीही गेलो, कारण त्यांना एकटं सोडवेना. शेठ उभे राहिले आणि म्हणाले, "सिनेमा माझ्याकडून फुटला." खाणावळवाल्या बाईंनी पदराने कपाळ टिपलं. त्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे घातले होते. चाचांनी हळूच विचारलं, "शेठ, आपण पुढे कुणाला दिलात?" शेठ म्हणाले, "माझ्यापाशी आला आणि माझ्यापासून गेला. मध्ये कुणी नाही." जे काही मिळेल ते आधी बाकीच्यांना, उरलं तर मला, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं. मग पोलिसांकडे गेले. तिथल्या अधिकाऱ्याने अर्ज वाचून विचारलं, "तक्रारदार तुम्हीच आणि आरोपीही तुम्हीच, मग कुठल्या खुर्चीत बसता?" आम्हा पुणेकरांनाही इतकं कोरडं बोलता येत नाही.

शुक्रवारी सिनेमा उतरला. दोन महिन्यांनी आक्का काठी घेऊन चालू लागली, म्हणून शेठ तिला भेटायला निघाले, सोबतीला मी. बघतो तर आक्का नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून ओसरीवर तयार बसलेली. "चल, आता थेटरात दाव मला. मोबाईलवर तुझं नाव मधीच येतंय, पोरीचं त्वांडच धड दिसत न्हाई."

शेठ तिच्याशेजारी बसले. "आक्का, सिनेमा उतरला गं."

"इतक्यात? का रं?"

सिनेमाची सुरुवात जरा लांबली, एवढंच मी एकदा बोललो होतो, तर या माणसाने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

"लोकांना न्हाई आवडला," शेठ म्हणाले.

आक्काला राग आला. लोकांना काय कळतंय, म्हणाली. "मला लई आवडला. म्हणून तर समद्यांना धाडला."

"चांगलं केलंस," शेठ म्हणाले. तिच्या हातातली काठी घेऊन त्यांनी भिंतीला टेकवली आणि चहा ठेवायला आत गेले. मी ओसरीवरच बसून राहिलो. आक्का मला टेम्पोवाल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागली.